मी खाल्लेली पाखरं

प्रिय बाळगोंडा,

आज दुपारी गॅलरीत बसलो होतो आणि घारीची शीळ ऐकू आली. ती आजची नव्हती. आजची घार समोरच्या टाकीवर नुसतीच गिरक्या घेत होती, मुक्यानं. ऐकू आली ती साठ वर्षांपूर्वीची, आपल्या शाळेच्या पत्र्यावरची. लांबलचक, थरथरत खाली उतरणारी. खाली सातवीचा वर्ग एका सुरात कविता म्हणतोय, गुरुजी टेबलावर छडीनं ठेका धरतायत, आणि त्या सुरात एक आवाज कमी आहे. तुझा. तू खिडकीबाहेर बघत बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होतास.

गुरुजींनी विचारलं, काय मोजतोस रे? तू म्हणालास, घारी. किती झाल्या? तू शांतपणे सांगितलंस, "अकरा झालत्या. तुमी मधीच बोलला, आता परत पयल्यापास्नं."

छडी तुला मिळाली. आणि हसलो म्हणून मला. आपली ओळख तिथली. तू बोर्डिंगात राहणारा खेड्यातला पोरगा, मी कोल्हापूरच्या महाद्वारातल्या शिंप्याचा. तुला कविता पाठ होत नव्हती आणि मला पाढे. एकमेकांच्या उत्तरपत्रिकेत बघून आपण दोघं मॅट्रिक झालो, हे आता सांगायला हरकत नाही.

तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. मराठीचा मास्तर म्हणून चौतीस वर्षं पोरांकडून 'मित्रास पत्र' लिहून घेतलं, तांबड्या शाईनं तपासलं, आणि स्वतःच्या मित्राला मात्र नुसते फोन केले. ते फोनसुद्धा बहुतेक तूच करायचास. मग आज हे काय सुचलं?

परवा रविवार आहे, बाळगोंडा. दिवाळीनंतरचा पहिला रविवार. आपली मोजणी. शहरातल्या त्या पाखरांच्या बाईंचा फोन आला होता. फार हळू आवाजात त्यांनी विचारलं, सर, यंदा जमेल ना? मी जमेल म्हणालो. फोन ठेवला आणि माझ्या लक्षात आलं, तुझ्याशिवाय त्या माळावर जाण्याआधी मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. सात वर्षं राहिलेली. तू समोर असताना तोंड उघडलं नाही. आता तू ऐकशील की नाही ठाऊक नाही, पण अडवणार तरी नाहीस.

सरळ मुद्द्यावर येता येत नाही रे. तुला माझी सवय माहीत आहे. थोडं फिरून येतो.

तू मला पहिल्यांदा माळावर बोलावलंस ते मी रिटायर झालो त्या वर्षी. गारगोटीच्या एसटीनं फाट्यावर उतरलो तर तू बैलासारखा घामेजून उभा. म्हणालास, एक बाई आलत्या, त्यांनी सांगितलं की आपल्या माळावर संध्याकाळी जी लांब पंखांची पाखरं उतरतात ती हिमालयाच्या पलीकडनं येतात. तिकडं थंडीत सगळं गोठतं, म्हणून. पुस्तकात त्यांना भोवत्या म्हणतात. शिकारी पाखरू, घारीच्या जातीचं. झाडावर बसत नाही, गवतात जमिनीवर झोपतं. हे सांगताना तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता. लहानपणापासून ज्यांना तू नुसती 'गवतातली घार' म्हणत आलास ती असली पाहुणी निघाली! तू परत परत म्हणत होतास, "हिमालय वलांडून माझ्या माळाव? आमच्या माळाव?"

बाईंनी सांगितलं होतं, दर वर्षी एकाच संध्याकाळी ठिकठिकाणचे लोक आपापल्या माळावरची मोजणी करतात, तुम्ही कराल का? तू हो म्हणून बसला होतास. मग तुला लिहायला माणूस हवा होता. "तुझ्याएवढा रिकामा माणूस दुसरा न्हाय, मास्तर." इतक्या प्रेमानं मला आजवर कुणी कामाला लावलं नाही.

आणि काय ती संध्याकाळ! सूर्य डोंगराला टेकला की पश्चिमेकडून पहिला यायचा. जमिनीपासून हातभर उंचीवरून, पंख वर उचलून, जणू गवतावरून कुणी कागद सोडलाय. नर राखी, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी. माद्या तपकिरी. एकाही पंखाचा आवाज नाही. मग दुसरा, मग तिघं एकदम, मग मोजता मोजता डोळे दुखेपर्यंत. आणि ते सरळ बसत नाहीत ही खरी गंमत. बसतात, उठतात, घिरटी मारतात, पुन्हा दुसरीकडे बसतात. मी पहिल्या वर्षी वहीत नव्वद लिहिले आणि तू हसून लोळायचा बाकी राहिलास. एकेका पाखराला मी चार चारदा पकडलं होतं.

मग तू खळ्यावरची रीत काढलीस. धान्याची मापं घालताना तुमच्याकडे बोलत नाहीत. तोंडानं मोजलं की मन फसतं, म्हणायचास. म्हणून दाण्यानं मोजायचं. तुझ्या शेतातले भाजलेले शेंगदाणे माझ्या मांडीवर एका पिशवीत, शेजारी एक रिकामा डबा. दुर्बीण तुझ्या डोळ्याला. बांधावरून आत येणाऱ्या पाखराला तू नुसतं "नवा" म्हणायचास, की मी एक दाणा डब्यात टाकायचा. उठून पुन्हा बसणाऱ्याला "मघाचा", की हात आवरायचा. अंधार पडला की डब्यातले दाणे मोजायचे. "दाणा खोटं बोलत न्हाय, मास्तर."

आणि मोजून झालं की तो डबा माझ्या हातात देऊन म्हणायचास, झाली मोजून, आता पाखरं तुझी, खा. एसटीत बसून मी ती खायचो. दर वर्षी.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ती तुझ्या पद्माक्कांनी सांगितली, तू नाही. तुमच्या जैनांत दिवस मावळायच्या आत जेवतात. आणि पाखरं उतरतात नेमकी दिवस मावळताना. म्हणजे मोजणीच्या दिवशी तू दुपारनंतर काही खायचा नाहीस, आणि घरी गेल्यावर पाणीसुद्धा नाही. डोळ्यांसमोर पाखरं, हाताशी खमंग भाजलेले दाणे, पोटात काही नाही, आणि एकही दाणा तू तोंडात टाकला नाहीस. गावातले लोक तुझी चेष्टा करायचे, कांदालसूण न खाणाऱ्याला शिकारी पाखरांचं वेड! तू म्हणायचास, ती त्यांच्या धर्मानं राहतात, मी माझ्या. आणि टोळ खातात म्हणून तर तुमची ज्वारी वाचते, जरा आभार माना.

आता सांगतो.

सात वर्षांपूर्वीची मोजणी आठवते? आठवतच असेल. त्या वर्षी भीमानं त्याच्या वाटणीच्या अर्ध्या माळावरचं गवत दिवाळीआधीच कापलं होतं. दर वर्षी तुझ्या धाकट्या भावाशी तुझा त्यावरून वाद व्हायचा. तुझं म्हणणं, पाखरं जाईपर्यंत उभं राहू दे. त्याचं म्हणणं, म्हशी काय कॅलेंडर बघून खातात? पण वाद हसतखेळत असायचा. एका भिंतीला टेकून दोघांची घरं, एकाच चुलीचा चहा. त्या वर्षी त्यानं विळा लवकर चालवला आणि तू घुश्शातच माळावर बसलास.

संध्याकाळ फार सुंदर होती, तोच घात झाला. आभाळ असं काही पिवळं झालं होतं की मला तिसरीच्या पुस्तकातली पाखरांची कविता आठवली. ती आमच्या शाळेतल्या बाईंनी शिकवली होती, चालीवर. मी ती मनात म्हणायला लागलो. मधलं एक कडवं आठवेना. तू मधेच "नवा" म्हणत होतास, मी दाणा टाकत होतो, तेवढं हात आपोआप करत होता. पण पाखरांमध्ये जेव्हा जेव्हा खंड पडला तेव्हा मी ते कडवं शोधत होतो. तू म्हणालासही, "मास्तर, कविता खाली ठेव, डबा धर." मी डबा धरला. घट्ट धरला. अगदी कुशीत घेतला.

अंधारात दाणे मोजले. मागच्या वर्षीच्या निम्म्याहून कमी.

तू दोनदा मोजलेस. बॅटरीच्या उजेडात, एकेक दाणा बोटानं सरकवत. त्या दिवशी तू मला डबा दिला नाहीस. पद्माक्काला दाखवतो म्हणून उराशी धरून घरी नेलास. मला फाट्यावर सोडताना एवढंच म्हणालास, "इळ्यानं गेली, मास्तर. भीमाच्या इळ्यानं."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची कुसुम गॅलरीत माझा स्वेटर झटकत होती. तिनं हाक मारली. स्वेटरच्या पोटावर, सगळ्या वीणभर, शेंगदाण्यांची लाल फोलपटं. एसटीत खाऊन नेहमी अशीच अवस्था करून आणता, म्हणाली. मी सवयीनं हो म्हणालो. आणि मग स्वेटर तिच्या हातातून ओढून घेतला.

एसटीत माझ्याकडे दाणे नव्हतेच.

डबा तर तू नेला होतास. मग ही फोलपटं कुठली? ती माळावरची. ते हरवलेलं कडवं शोधताना माझा हात दर वर्षीच्या सवयीनं डब्यात जात होता. दाणा चोळायचा, फुंकायचा, तोंडात टाकायचा. तू दुर्बिणीतून हिमालय ओलांडून आलेली पाखरं एकेक करून मला देत होतास, आणि मी ती खात होतो. किती खाल्ली? तेही सांगता येत नाही. कुसुमला सांगितलं तर ती आधी हसली. "बाळगोंडाअण्णांची पाखरं खाल्ली की काय तुम्ही?" मग माझा चेहरा बघून म्हणाली, आत्ताच्या आत्ता फोन करा.

केला रे! शपथेवर सांगतो, केला. दहा वाजले होते. फोन पद्माक्कांनी उचलला. त्यांचा आवाज रडून बसला होता.

तू पहाटेच गेला होतास. दूधसंस्थेत, कॅन घेऊन रांगेत उभ्या असलेल्या सगळ्या गावासमोर, तू भावाला म्हणाला होतास की तुझ्या विळ्यानं पाखरं गेली. भीमानं आधी हसण्यावारी नेलं, माझ्या म्हशींनी काय तुझी पाखरं खाऊन जगायचं का, म्हणाला. लोक हसले. आणि त्या हसण्यावर तू ते बोललास. बापानं तुला माळ दिला तीच चूक झाली, तुला द्यायला नको होता. सगळ्यांसमोर. भीमा कॅन तिथंच ठेवून घरी गेला. त्याच दुपारी त्यानं मधल्या भिंतीतली खिडकी विटांनी बुजवून घेतली, ते मला नंतर कळलं.

फोनवर पद्माक्का म्हणाल्या, तुम्ही जरा समजवा त्यांना, तुमचं ऐकतात.

मी काय समजावणार होतो? तीन तासांचा उशीर झाला होता. तीन तास आधी सांगितलं असतं तर तू मला शिव्या दिल्या असत्यास, दोन दिवस बोलला नसतास, आणि जन्मभर गावाला हसून सांगितलं असतंस. पण आता ती गोष्ट शेंगदाण्यांएवढी राहिली नव्हती. दोन भावांचं तुटलेलं मी शेंगदाणे दाखवून कसं जोडणार? आणि खरं सांगू? मला भीती वाटली. तू भीमाला जे बोललास ते मला बोलशील याची. वर्गात खरं बोलावं यावर मी किती निबंध लिहून घेतले असतील! स्वतःची वेळ आली तेव्हा पोरांसारखाच बाकाखाली लपलो.

पुढच्या वर्षी पाखरं भरपूर आली. मी डबा दोन हातभर लांब, दगडावर ठेवला होता आणि तोंडात सुपारी धरून बसलो होतो. तू मोजलेस आणि पुन्हा एकदा मोजलेस. भीमानं त्या वर्षीही लवकरच कापलं होतं. मग आली कशी? तू माझ्याकडे बघून विचारलंस. तो प्रश्न मी आजही ऐकतो. तोंडाशी आलं होतं, बाळगोंडा. सगळं अगदी जिभेवर आलं होतं. तेवढ्यात तूच उत्तर दिलंस. "पाखरांनी त्याला माफ केलं आसंल. मला जमंना."

मी सुपारी चघळत राहिलो.

आणि तुमची ती क्षमावणी! पर्युषण संपलं की तुझा फोन यायचा. न चुकता. "मास्तर, वर्षभरात काय चुकलंमाकलं आसंल तर क्षमा करा." त्या एका दिवशी तू मला अहोजाहो करायचास. मी म्हणायचो, माझंही काही चुकलं असेल तर क्षमा असावी. काही चुकलं असेल तर म्हणे! काय चुकलंय ते मला पुरतं माहीत होतं. मोघम माफी मागणं किती सोपं असतं रे, आणि तीच नाव घेऊन मागणं किती जड! पद्माक्का सांगायच्या, त्या दिवशी देवळात तुम्ही दोघं भाऊ गावातल्या प्रत्येकासमोर हात जोडायचात, फक्त एकमेकांच्या खांबाकडे जायचा नाहीत. भीमाच्या नातीच्या लग्नाला पद्माक्का एकट्या गेल्या. तू त्या दिवशी माझ्याकडे कोल्हापुरात आलास आणि दिवसभर माझ्या कविता ऐकल्यास. एकही जांभई न देता. तेव्हाच ओळखायला हवं होतं की तुझं मन ठिकाणावर नाही.

तुझ्यावर माझाही एक राग आहे, तोही सांगून टाकतो. इतका हुशार तू. एक पाखरू दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून डोळ्यात तेल घालून बसायचास. मग एका मोजणीवरून सख्खा भाऊ कसा रे टाकलास? पुढच्या वर्षी आकडा पुन्हा भरून आला तेव्हा तुला एकदाही वाटलं नाही का, की चूक मोजणाऱ्याची असेल? माझ्यावर संशय का घेतला नाहीस? त्या डब्याशेजारी दुसरं कोण बसलं होतं? इतका विश्वास कुणी ठेवतं का एका खुळ्या मास्तरावर? तू एकदा विचारलं असतंस ना, "मास्तर, तू खाल्लीस का?" तर मी नाही म्हणू शकलो नसतो.

पण हा राग बरोबर नाही, कळतंय मला. चोरानं पहारेकऱ्यावर रागावण्यातला प्रकार.

तू गेलास ते पेरणीच्या दिवसांत. बांधावर बसलास आणि उठला नाहीस. मी पोचलो तोवर सगळी तयारी झाली होती. भीमा पुढे आला नाही. पण लाकडं त्यानं आणली होती. कुणी सांगितलं नव्हतं, पहाटेच ट्रॅक्टर भरून आणून ठेवली आणि गर्दीच्या मागे जाऊन उभा राहिला. डोक्यावर टॉवेल, ओठ घट्ट. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्याच्याशेजारी जाऊन बसलो. आज सांगायचंच असं ठरवून. त्यानं माझ्याकडे न बघता विचारलं, मास्तर, चहा घेतलासा? मी हो म्हणालो. थोड्या वेळानं तो उठून म्हशींकडे गेला आणि मी एसटीकडे.

यंदा क्षमावणीला फोन वाजला नाही. मी सकाळपासून समोर ठेवून बसलो होतो. कुसुम म्हणाली, आता कुणाच्या फोनची वाट बघताय? मी म्हणालो, सवय आहे. संध्याकाळी मला वाटलं, आपणच करावा. पण तुझा नंबर लावून काय उपयोग, तो तर आता पद्माक्कांकडे असतो. आणि जो नंबर लावायला हवा होता तो माझ्याकडे असूनही लावला नाही.

तू असशील तिथं कदाचित हसतही असशील. सात वर्षांचं वैर आणि त्याच्या मुळाशी काय, तर मास्तरचं पोट! पण मला हसू येत नाही. भीमा आज सत्तरीला आला. त्याला वाटतं की त्याच्या विळ्यामुळं त्याचा अण्णा तुटला. तो ते घेऊनच जाणार का? तुझ्याकडून माफी मिळायचा रस्ता माझा बंद झाला, तो माझ्या कर्मानं. त्याचा, त्या ओझ्यातून सुटायचा, अजून उघडा आहे, आणि मीच त्याच्या तोंडावर बसलोय.

म्हणून हा कागद. तुला कबूल केलं की मग मागं फिरता येणार नाही, एवढाच माझा हिशेब. ऐक. परवा रविवारी मी पहिल्या एसटीनं येतो. माळावर जायच्या आधी भीमाच्या दारात जातो. सगळं सांगतो, स्वेटरपासून. तो मारेल, हाकलेल, काहीही करेल. केलं तर केलं. आणि मग संध्याकाळी पद्माक्कांकडून तुझी दुर्बीण घेऊन एकटा बसतो आणि तुझी पाखरं मोजतो. कविता घरी ठेवून येतो. हे माझं वचन, बाळगोंडा. म्हातारपणी दिलेलं आहे, म्हणजे मोडायला वेळही फारसा...

बेल वाजली. कुसुम देवळात गेली आहे. बघून येतो.

बाळगोंडा, भीमा आलाय.

घाईत लिहितोय, अक्षर समजून घे. दार उघडलं तर तोच. आयुष्यात या घरी कधी आला नव्हता. धोतराच्या सोग्याला गवताची कुसळं चिकटलेली, हातात कापडी पिशवी. "मास्तर, हायसा का घरात?" म्हणाला, मी समोर उभा असताना. घर विचारत विचारत आला, स्टँडवरून चालत.

आत ये म्हटलं तर उंबऱ्यातच थांबला. मग एका दमात बोलला, पाठ करून आल्यासारखा. यंदा त्यानं गवताला विळा लावला नाही. विकतची वैरण आणली म्हशींना. गेले चार दिवस पाखरं उतरतायत, तुझ्याही वाटणीत आणि त्याच्याही. तो रोज बांधावर बसून मोजायला बघतो, पण ती एका जागी ठरत नाहीत, बसतात काय, उठतात काय, रोज वेगळाच आकडा होतो. पद्मावैनीला विचारलं तर त्यांनी दुर्बीण दिली आणि सांगितलं, रीत मास्तरांना माहीत.

पिशवीतून त्यानं तुझी दुर्बीण काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरली.

"अण्णा कसं मोजायचा, तेवढं शिकवा मला," म्हणाला. "माझ्यामुळं गेल्ती. आली किती, त्येवढं तरी मला मोजू द्या."

रविवारपर्यंतही थांबू दिलं नाहीस तू मला.

त्याला आत बसवलंय. पाणी दिलंय. दिवस अजून वर आहे, कुसुम येईल आणि मावळायच्या आत त्याचं ताट करेल. तो भिंतीकडे बघत वाट बघतोय, मी काय सांगतो याची. अण्णाची रीत.

कागद इथंच मिटतो. त्याच्यासमोर जाऊन बसतो आणि पहिल्यापासून सांगतो.

तुझा,
दिनू मास्तर